‘आपण यांना पाहिलंत का?’ लागायचं तेव्हा पडद्यामागे काय चालायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लहानपणी मुंबई दूरदर्शनवर ‘आपण यांना पाहिलंत का?’ लागायचं, त्यातले फोटो आणि तो एका सुरातला आवाज अजून आठवतो. पुढे ‘क्राइमवॉच’सारखे परदेशी कार्यक्रमही बघण्यात आले आणि तीच हुरहूर पुन्हा जागी झाली. त्या फोटोंतली माणसं सापडायची का? टीव्हीवरच्या आवाहनानं गुन्हा खरंच उघडकीस येतो का? आणि जी प्रकरणं कधी उलगडलीच नाहीत, त्यांचं पुढे होतं काय?

मी १९८४ साली फौजदार म्हणून भरती झालो आणि नोकरीतली जवळपास सात वर्षं हरवलेल्या व्यक्तींचा शोध आणि बेवारस प्रेतांची ओळख या कामावर काढली. हे काम कुणी मागून घेत नाही. त्यात छापे नसतात, पेपरात फोटो येत नाही. आज मागे बघताना मात्र नोकरीतलं तेच काम मला सर्वांत जवळचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माणसं सापडायची. सगळी नाही, पण सापडायची. आणि फोटो बघून कुणीतरी ताडकन ओळखलं, असं त्यात फार कमी वेळा व्हायचं.

त्या निवेदनाची भाषा आठवून बघा. ‘रंग सावळा, बांधा सडपातळ, चेहरा उभट, नाक सरळ, अंगात पांढरा शर्ट व खाकी हाफ पँट, पायात चप्पल नाही, मराठी बोलतो. राहत्या घरातून कोणास काही एक न सांगता निघून गेला आहे.’ ही भाषा ठाण्याच्या मिसिंग रजिस्टरमधली. ठाणे अंमलदारानं जे लिहून घेतलं, तेच शोधपत्रिकेत उतरायचं आणि पुढे निवेदिकेच्या तोंडी जायचं. म्हणजे टीव्हीवर काय ऐकू येणार, हे त्या पहिल्या अर्ध्या तासात टेबलापलीकडे बसलेल्या हवालदाराच्या हातात असायचं. त्यानं कंटाळून ‘बांधा मध्यम, रंग गहू’ असं लिहून मोकळं व्हायचं ठरवलं, तर तो मुलगा महाराष्ट्रातल्या लाखभर मुलांसारखा होऊन जायचा.

एक प्रसंग सांगतो. अकरा वर्षांचा मुलगा, सहामाहीत नापास झाला म्हणून घरातून निघून गेलेला. आई ठाण्यात आली. उंची विचारली तर तिनं हात हवेत धरला, ‘एवढा’ म्हणाली. आमचे एक जुने हवालदार होते, त्यांनी टेप आणली आणि जमिनीपासून तिच्या तळव्यापर्यंतचं अंतर मोजलं. चार फूट दोन इंच. तो हात तिनं इतका स्थिर धरला होता की मापात चूक असेल असं मला क्षणभरही वाटलं नाही. मग फोटो. घरात त्याचा एकट्याचा फोटो नव्हता. कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो होता, त्यात हा मामाच्या खांद्यामागून डोकावत होता. फोटोग्राफरनं तेवढाच चेहरा कापून मोठा केला, तेव्हा नाकडोळे विरघळून नुसते दाणे उरले. शर्ट निळा होता, पण टीव्हीवर रंग आले १९८२ साली आणि घराघरांतले संच पुढे कितीतरी वर्षं कृष्णधवलच होते. निळा म्हणा नाहीतर हिरवा, बघणाऱ्याला करडाच दिसणार.

तेव्हा त्या हवालदारांनी आईला विचारलं, ‘ताई, हा घरात असताना तुम्ही त्याला कशावरून रागावता?’ ती जरा गोंधळली. मग म्हणाली, ‘डाव्या हातानं जेवतो म्हणून.’ शोधपत्रिकेत आम्ही ‘डावखुरा आहे’ एवढे शब्द घातले.

पाच आठवड्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून फोन आला. खाणावळीचे मालक बोलत होते. त्यांच्याकडे महिन्याभरापूर्वी एक पोरगा कामाला लागला होता, नाव खोटंच सांगितलेलं. तो पंक्तीत डाव्या हातानं वाढायचा, गिऱ्हाइकं कुरकुरायची, मालक रोज त्याला टोकायचे. त्या संध्याकाळी ते टीव्हीकडे पाठ करून गल्ल्यावर हिशेब करत बसले होते. फोटो त्यांनी पाहिलाच नाही. कानावर ‘डावखुरा’ पडलं आणि ते मागे वळले, तोवर पडद्यावर पुढचा फोटो आला होता. पण तेवढं पुरलं. ते मोरीपाशी गेले, भांडी घासत असलेल्या मुलाच्या शेजारी उकिडवे बसले आणि त्याला त्याच्या गावाचं नाव विचारलं.

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर या गोष्टीत आहे. आवाहन गुन्हा उकलत नाही, माणूसही शोधून देत नाही. कुणाच्या तरी मनात आधीपासून असलेली, पण नाव नसलेली गोष्ट त्यानं जागी होते. ती जागी व्हायला एकच नेमका तपशील लागतो, आणि तो पुरेशा लोकांच्या कानावर एकाच वेळी पडावा लागतो. त्या काळी हे जमून यायचं, कारण मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाल्यापासून पुढची वीस वर्षं बघायला दुसरं फारसं काही नव्हतं. खाणावळ, वाडा, चाळीतली एकाच संचापुढे जमलेली बिऱ्हाडं, सगळे एकच ऐकायचे. तुम्हाला जी हुरहूर लागते तिच्यात याचाही भाग असावा, असं मला वाटतं. अनोळखी मुलासाठी सगळं राज्य मिनिटभर थांबायचं, आणि ते आपण सगळ्यांनी लहानपणी अनुभवलंय.

आता परदेशी कार्यक्रमांकडे येऊ. या प्रकाराचं मूळ जर्मनीत आहे. पश्चिम जर्मनीच्या झेडडीएफ वाहिनीवर २० ऑक्टोबर १९६७ ला एडुआर्ड त्सिमरमान यांनी ‘आक्टनत्साइशन एक्सवाय’ सुरू केलं. नावाचा अर्थ साधारण ‘फाइल क्रमांक एक्स-वाय, न उलगडलेली’ असा होतो. गुन्हा जसा घडला असावा तसा नटांकडून करवून दाखवायचा, नंतर तपासी अधिकाऱ्यानं समोर येऊन काय माहिती हवी ते सांगायचं आणि फोन नंबर द्यायचा, ही त्यांची पद्धत. पुढच्या दोन वर्षांत ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडही त्यात सामील झाले. त्सिमरमान यांनी तीस वर्षं, १९९७ पर्यंत, तो चालवला, आणि कार्यक्रम आजही चालू आहे. त्याच्यावर तेव्हा टीकाही झाली, शेजाऱ्यानं शेजाऱ्याची चुगली करायची सवय लागेल म्हणून. जर्मनीचा त्याआधीचा इतिहास बघता ती भीती मला अगदी रास्त वाटते.

बीबीसीनं हाच साचा घेऊन ७ जून १९८४ ला ‘क्राइमवॉच यूके’ सुरू केलं. निक रॉस आणि सू कुक हे सुरुवातीचे निवेदक. महिन्यातून एकदा थेट प्रक्षेपण, स्टुडिओतच फोनची रांग, फोनवर खरे तपासी अधिकारी आणि रात्री उशिरा पुन्हा थोडा वेळ येऊन कोणती माहिती आली ते सांगणं. कार्यक्रम संपताना निक रॉस लोकांना सांगायचे की असे गुन्हे विरळ असतात, वाईट स्वप्नं पडू देऊ नका, शांत झोपा. या वाक्याचं मला नेहमी कौतुक वाटत आलंय. लोकांना घाबरवलं की ते दार लावून घेतात. आणि दार लावून घेतलेला माणूस साक्षीला येत नाही.

पोलिसाच्या नजरेनं बघितलं तर या कार्यक्रमांची खरी करामत नाट्यरूपांतरात आहे. आपण त्याला करमणूक समजतो, पण त्याचं काम तारीख पक्की करणं हे असतं. साक्षीदाराला ‘१४ तारखेला संध्याकाळी सात वाजता कुठे होतात?’ असं विचारलं, तर दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही. आमच्याकडे तर तारखेनं कुणाला काही आठवतच नाही. ‘बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी’, ‘गणपती बसायच्या आधीच्या बाजाराला’, ‘लाइट गेली होती आणि पाऊस लागून राहिला होता त्या रात्री’ असं म्हटलं की तोच माणूस सगळं सांगू लागतो. तोच रस्ता, तेच कपडे, दुकान बंद करायची तीच वेळ पडद्यावर दिसली की बघणारा स्वतःच्या त्या संध्याकाळीत परत जातो. मग त्याला आठवतं की आपणही तिथून गेलो होतो आणि कोपऱ्यावर एक गाडी उभी होती. त्या गाडीला तेव्हा काही अर्थ नव्हता, म्हणून तो कुणाला बोलला नव्हता.

अमेरिकेत ‘अमेरिकाज मोस्ट वॉन्टेड’ ७ फेब्रुवारी १९८८ ला सुरू झालं. निवेदक जॉन वॉल्श यांच्या सहा वर्षांच्या मुलाला १९८१ साली फ्लोरिडातल्या एका मॉलमधून पळवून मारण्यात आलं होतं, म्हणजे हा माणूस स्वतः ठाण्याच्या बाकावर बसून आलेला. त्यांच्याकडची एक केस मी प्रशिक्षणात नव्या मुलांना मुद्दाम सांगायचो. जॉन लिस्ट नावाच्या इसमानं न्यू जर्सीतल्या वेस्टफील्ड इथं नोव्हेंबर १९७१ मध्ये आई, बायको आणि तिन्ही मुलांचा खून केला आणि पसार झाला. अठरा वर्षांनी फोटो काय कामाचा? फिलाडेल्फियाचे शिल्पकार फ्रँक बेंडर यांनी त्याचा म्हातारपणीचा चेहरा मातीत घडवला. टक्कल, गळ्याची सुटलेली कातडी यांचा त्यांनी अंदाज केलाच. शिवाय हा माणूस स्वभावानं कसा आहे, तो चष्मा कसला निवडेल, याचाही विचार करून त्यांनी जाड काळ्या काड्यांचा चष्मा चढवला. मे १९८९ मध्ये ते डोकं टीव्हीवर दाखवलं. त्याच्या जुन्या शेजारणीनं ओळखलं, आणि १ जूनला तो व्हर्जिनियात पकडला गेला, दुसऱ्याच नावानं संसार करत असलेला. चष्मा जवळपास तसाच होता. त्या मुलाच्या डावखुरेपणासारखंच हे. चेहरा बदलतो, सवय टिकते.

पण आवाहनाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये १९७५ ते १९८० या काळात तेरा स्त्रियांचे खून झाले. १९७९ च्या जूनमध्ये पोलिसांना एक टेप आली, ‘तो खुनी मीच’ असं सांगणारी. बोलणाऱ्याची ढब संडरलंड भागातली. पोलिसांनी ती टेप रेडिओ-टीव्हीवरून सगळ्या देशाला ऐकवली. फोन फिरवून कुणालाही ऐकता येईल अशी सोयसुद्धा केली. फोनचा पूर आला आणि ज्याची ढब तशी नाही तो संशयित बाजूला, असा तपास सुरू झाला. खरा खुनी पीटर सटक्लिफ ब्रॅडफर्डचा, म्हणजे यॉर्कशायरचाच होता, त्याची ढब वेगळी. त्या तपासात पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली होती. टेप आल्यानंतर आणखी तीन स्त्रिया मारल्या गेल्या आणि १९८१ च्या जानेवारीत तो शेफील्डमध्ये जवळजवळ योगायोगानंच हाती लागला. टेप पाठवणारा निव्वळ खोडसाळ इसम होता. लिफाफ्यावरच्या लाळेच्या डीएनएवरून तो २००५ साली सापडला.

मला यात खोडसाळ माणसापेक्षा पोलिसांची चूक मोठी वाटते. लाखो लोकांना एकच गोष्ट ऐकवण्याची ताकद जितकी मोठी, तितकं ती गोष्ट खरी आहे का हे आधी तपासण्याचं ओझं मोठं. म्हणूनच आवाहन करताना एक तपशील नेहमी हातचा राखून ठेवायचा असतो, जो फक्त गुन्हेगाराला आणि तपासी अंमलदाराला ठाऊक आहे असा. दोरीची गाठ कशी होती, खोलीतलं काय उलटं ठेवलं होतं, असं काहीतरी. मग फोनवर कुणी ‘मीच केलं’ म्हणाला तर त्याची पारख करता येते. प्रेक्षकाला असे कार्यक्रम बघताना काहीतरी अर्धवट सांगितल्यासारखं वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

हिंदीत झी टीव्हीवर १९९८ साली सुहैब इल्यासी यांचं ‘इंडियाज मोस्ट वॉन्टेड’ आलं. ते खूप गाजलं, पण त्याचा रोख पळालेल्या नामचीन आरोपींवर होता आणि ढंग थरारक. त्याबद्दल मला फार लिहावंसं वाटत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जो मला सर्वांत जवळचा आहे. न उलगडलेल्या प्रकरणांचं काय होतं?

कागदोपत्री आमच्याकडे त्याला ‘ए समरी’ म्हणतात. गुन्हा खरा, पण आरोपी मिळत नाही, असा अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. तक्रारच खोटी निघाली तर ‘बी’, गैरसमजातून झाली असेल तर ‘सी’. ए समरी मंजूर झाली की लोकांना वाटतं केस बंद झाली. ती बंद होत नसते. खुनाच्या गुन्ह्याला मुदत नसते. नवा धागा मिळाला तर वीस वर्षांनीही पुढचा तपास करता येतो. अडचण कायद्याची नसते, अडचण असते मुद्देमालाची.

‘क्राइमवॉच’च्या अगदी पहिल्या भागात दाखवलेली पहिली केस बघा. नॉटिंगहॅमजवळच्या कीवर्थ गावची सोळा वर्षांची मुलगी, ऑक्टोबर १९८३ मध्ये संध्याकाळी मित्राच्या घरी पायी निघालेली. तिचा खून झाला. जून १९८४ मध्ये कार्यक्रमात आवाहन झालं, शेकडो फोन आले, गुन्हेगार काही मिळाला नाही. उलट खुन्यानं पोलिसांना डिवचणारं पत्र पाठवलेलं होतं. तेव्हाच्या तपासात एक वस्तू मात्र जपून ठेवली गेली. त्या रात्री एका अनोळखी माणसानं जवळच्या पबमध्ये जाऊन हात धुतले होते आणि कागदी टॉवेलला पुसले होते. तो कागद. १९८३ साली त्या कागदातून काही निघण्यासारखं नव्हतं. गंमत अशी की ज्या वर्षी ते आवाहन झालं, त्याच १९८४ च्या सप्टेंबरात, कीवर्थहून फार लांब नसलेल्या लेस्टरच्या विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएच्या ठशाचा शोध लागला. पण जुन्या कागदातल्या एवढ्याशा अंशावरून ओळख पटायला तंत्राला आणखी दोन दशकं लागली. २००८ साली वाहतुकीच्या गुन्ह्यात एका तरुणाला पकडलं, नेहमीप्रमाणे त्याचा नमुना घेतला, आणि तो त्या कागदाशी जवळपास जुळला. जवळपास, पूर्ण नाही. म्हणजे रक्ताच्या नात्यातलं कुणीतरी. खुनी त्याचा बाप निघाला. डिसेंबर २००९ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला.

सव्वीस वर्षं. हे वाचताना बहुतेकांच्या मनात डीएनए राहतो. मला आठवतो तो हातपुसण्या कागद आणि ज्या कुणा शिपायानं तो पाकिटात घालून, वर नंबर टाकून, कपाटात ठेवला तो शिपाई. आणि नंतरची ती सगळी माणसं, ज्यांनी जागा बदलताना, साफसफाई करताना, कपाटं हलवताना ते पाकीट फेकलं नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत याच्या उलट घडलं. एका विहिरीत सापडलेल्या अनोळखी बाईच्या प्रेताची केस माझ्याकडे होती. लुगड्याच्या पदराला एक छोटी पुरचुंडी बांधलेली होती. तिच्यात सुपारीचे तुकडे आणि देवस्थानचा अंगारा. गाठ सोडली नाही, जशीच्या तशी पदरासकट ठेवली. बदली होऊन दहा-बारा वर्षांनी, एका गावच्या सरपंचांनी सांगितलेल्या माहितीवरून ती बाई कोण असावी याचा मला अंदाज आला. मी त्या ठाण्यात गेलो. मुद्देमालाच्या खोलीचं छप्पर दोन पावसाळे गळत होतं. कापडी बोचकी कुजून एकात एक मिसळली होती, लेबलांची शाई धुऊन गेली होती. तो पदर दाखवून तिच्या बहिणीला ‘ही गाठ कुणाची’ एवढंच मला विचारायचं होतं. ती बहीण तेव्हा हयात होती, आता नाही. त्या बाईची नोंद अजून ‘अनोळखी स्त्री, वय अंदाजे चाळीस’ अशीच आहे. छप्पर दुरुस्तीची मागणी तीनदा गेली होती असं मला तिथं सांगण्यात आलं.

म्हणून जुनी प्रकरणं पुन्हा टीव्हीवर आणावीत का, असं कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, त्या प्रकरणांतल्या वस्तू शाबूत आहेत का? आपल्याकडे कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत डीएनए तपासणी होते. पण गुन्हेगारांच्या डीएनएची देशव्यापी नोंद आपल्याकडे अजून नाही. त्यासाठीचं विधेयक २०२३ साली लोकसभेतून मागे घेतलं गेलं. खासगीपणाची चिंता त्यामागे होती आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. तरी नुसतं आवाहन करून फोन आले आणि जुळवून बघायला मागे काहीच ठेवलेलं नसलं, तर घरच्यांच्या जखमेवरची खपली तेवढी निघते.

सगळं शाबूत असूनही न उलगडलेली प्रकरणं असतातच. ‘क्राइमवॉच’च्या निवेदिका जिल डँडो यांचीच केस घ्या. १९९५ पासून त्या या कार्यक्रमात होत्या. २६ एप्रिल १९९९ ला भर दिवसा, लंडनच्या फुलहॅम भागात, स्वतःच्या घराच्या दारात त्यांना गोळी घातली गेली. पुढच्याच महिन्यात त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांच्याच खुनाचं आवाहन त्याच कार्यक्रमातून करावं लागलं. एका इसमाला २००१ मध्ये शिक्षा झाली, ती मुख्यतः कोटाच्या खिशात मिळालेल्या बंदुकीच्या दारूच्या एका सूक्ष्म कणाच्या आधारावर. तो आधार टिकला नाही आणि २००८ च्या फेरसुनावणीत तो निर्दोष सुटला. देशातल्या प्रत्येकाला ओळखीचा चेहरा, दिवसाउजेडी गुन्हा, हजारोंनी फोन, तरी आजवर उत्तर नाही. त्यामुळे कमी प्रसिद्ध माणसाची केस उलगडली नाही म्हणजे पोलिसांनी काही केलंच नाही, असं दर वेळी समजू नका. काही वेळा ते खरं असतं. दर वेळी नाही.

हे कार्यक्रम थांबले का, तर प्रेक्षक विखुरला. बीबीसीनं मुख्य ‘क्राइमवॉच’ २०१७ मध्ये बंद केलं. दिवसा लागणारं त्याचं भावंड चालू ठेवलं. आपल्याकडे वाहिन्या वाढल्या, मग मोबाइल आला. आज मूल हरवलं की फोटो अर्ध्या तासात हजार गटांवर फिरतो. ते चांगलं आहे, पण त्यात तारीख नसते, ठाण्याचं नाव नसतं, आणि मूल घरी आल्यावरही तो फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतो. सापडलेल्या मुलीचा फोटो तिच्या लग्नाच्या वयापर्यंत ‘हरवली आहे’ म्हणून फिरताना मी बघितलाय. त्या काळच्या निवेदनामागे निदान एक रजिस्टर नंबर असायचा. माणूस मिळून आला की त्याच नोंदीपुढे लाल शाईनं तसं लिहिलं जायचं.

तरी नव्या साधनांनी काय होऊ शकतं याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांनी २००८ ते २०१५ या काळातल्या हरवलेल्या १६६ मुलींपैकी १६५ शोधून काढल्या. उरलेली एक, जानेवारी २०१३ मध्ये शाळेत जाताना अंधेरीतून नाहीशी झालेली सात वर्षांची. ते निवृत्त झाल्यावरही तिचा फोटो जवळ बाळगून होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, सोळा वर्षांची झालेली. तिला स्वतःलाच काही खुणा आठवत होत्या. ती काम करायची तिथल्या एका बाईंच्या मदतीनं इंटरनेटवर शोधताना तिचं २०१३ सालचं जुनं पोस्टर मिळालं. त्यावर पाच फोन नंबर होते. चार बंद लागले. पाचवा एका शेजाऱ्याचा होता, तो त्यानं बदललेला नव्हता.

म्हणून ज्यांच्या घरातलं कुणी हरवलंय त्यांना मी एवढंच सांगत आलोय. चोवीस तास थांबा असा नियम कुठेही नाही, कुणी सांगितलं तरी ऐकू नका. मूल अठराच्या आतलं असेल तर गुन्हाच नोंदवला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०१३ मध्ये स्पष्ट केलंय. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. लहान मुलांसाठी १०९८, एरवी ११२. वर्णन देताना सुंदर, हुशार असं सांगू नका. तुम्ही त्याला कशावरून रागावता, झोपताना काय जवळ घेतो, हसताना तोंडावर हात धरतो का, असं सांगा. अलीकडचा एकट्याचा एक फोटो आणि एक दात दिसणारा फोटो काढून ठेवा. अनोळखी प्रेताशी ताडून बघायची वेळ आलीच, तर दातच बोलतात. आणि शोधपत्रिकेवर दिलेला नंबर कधीही बंद होऊ देऊ नका.

कायद्यानं सात वर्षं खबर नसलेल्या माणसाला मृत मानता येतं. पेन्शन, जमिनीचा सातबारा, बँक, यासाठी ते करून घ्या असं मी अनेकांना सुचवलं. बरेच जण करत नाहीत. एक वृद्ध गृहस्थ दर गुढीपाडव्याला मला फोन करतात. मुलगा १९९१ साली गेला. मी निवृत्त झालो आहे हे त्यांना माहीत आहे. ते तपासाचं काही विचारत नाहीत, माझी प्रकृती विचारतात, आणि ठेवण्याआधी आपल्या घरचा लँडलाइन नंबर एकदा म्हणून दाखवतात. मी तो दर वर्षी पुन्हा लिहून घेतो.

तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमच्या गावच्या एका जुन्या प्रकरणाबद्दल तुम्हाला लहानपणी ऐकलेलं काही आठवतं, पण एवढ्या वर्षांनी ते सांगून काय उपयोग. ते त्या ठाण्याच्या नावानं कागदावर लिहा. साल आठवत नसेल तर तेव्हा तुम्ही कितवीत होतात ते लिहा. गोष्ट कुणाच्या तोंडून ऐकली, तेव्हा कुठे बसला होतात, बाहेर पाऊस होता का, हेही लिहा. अर्ज आवकला लावून पोच घ्या. उपयोगाचं आहे की नाही हे ठरवणं तुमचं काम नाही, ते केस कागद समोर असलेल्या माणसाचं आहे. त्या खाणावळवाल्यांनाही फोन करताना खात्री नव्हती. पहिलं वाक्य ते असंच बोलले होते, ‘साहेब, कदाचित तो नसेलही.’